सायंकाळ गावाची, रात्र घराची

(किशोरवयीन मुलांमधील इंटरनेटचे व्यसन आणि त्यांची हरवत चाललेली झोप या विषयावर कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मी वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. तेव्हा औषधोपचाराचा अधिकार मला नाही. परंतु समाजात काय घडते आहे ते पाहणे, त्यामागची कारणे शोधणे आणि ती चार लोकांसमोर मांडणे हे पत्रकाराचे काम असते. तेवढेच आज मी करणार आहे. विषय आपल्या घरातलाच आहे. आपली मुले रात्री किती वाजता झोपतात? हा प्रश्न साधा वाटतो. पण आज घरी गेल्यावर त्याचे खरे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करा, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही असे आढळेल. मूल अंथरुणावर केव्हा गेले हे आपल्याला माहीत असते. ते झोपले केव्हा, हे माहीत नसते. या दोन वेळांच्या मधल्या अंतराबद्दल मला बोलायचे आहे.

वारणेच्या मातीतले इंटरनेट

इंटरनेट हे काही आपल्या भागावर बाहेरून अचानक कोसळलेले संकट नव्हे. हे गाव आणि शेजारचे वारणानगर यांचा इतिहास या बाबतीत देशाच्या पुढे आहे. मे १९९८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच प्रेरणेतून त्याच वर्षी 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प उभा राहिला. वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरील, म्हणजे कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा तो संकल्प होता. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभ्या केलेल्या सहकाराच्या पायावर तो रचलेला होता. उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटे न घालता गावातच मिळावी, हा त्यामागचा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखविले.

हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावरील व्याख्याने पुष्कळदा यंत्राच्या निंदेतच संपतात. यंत्र वाईट नाही. वारणेच्या शेतकऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी संगणक वापरला, तेव्हा तो त्या यंत्राकडे प्रश्न घेऊन जात होता, 'माझ्या उसाचे वजन किती भरले?' उत्तर मिळाले की तो उठून शेताकडे चालू लागे. आज आपला मुलगा रात्री बारा वाजता हातातल्या यंत्राकडे कोणता प्रश्न घेऊन जातो? त्याच्याजवळ प्रश्नच नसतो. त्याला काही शोधायचे नसते, म्हणूनच त्याचे शोधणे संपत नाही. साधनाचे साध्य झाले की माणसाची काय अवस्था होते, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही.

हा बदल घडला कसा? २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळांची दारे बंद झाली आणि ज्या वस्तूला हात लावू नकोस असे आपण मुलांना बजावत होतो, तीच वस्तू शाळा म्हणून आपणच त्यांच्या हाती दिली. दुसरा मार्गही नव्हता. शाळा पुन्हा उघडल्या. वस्तू मात्र परत आली नाही. 'प्रथम' या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्के मुलांनी! हे आकडे मुंबई-पुण्याचे नाहीत, खेड्यांचे आहेत. 'हे शहरातल्या मुलांचे खूळ' असे म्हणून मोकळे होण्याची सोय आता राहिलेली नाही.

मोहित्यांच्या वडगावचा सायरन

या संकटाला समाज म्हणून सामोरे जाण्याचा एक लक्षणीय प्रयत्न आपल्या शेजारीच, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात झाला. मोहित्यांचे वडगाव हे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. वस्ती शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यांत काम करणाऱ्यांची. टाळेबंदीनंतर मुले वर्गात आली, तेव्हा त्यांचे लक्ष लागत नाही, हातातला मोबाइल सुटत नाही, असे शिक्षकांच्या ध्यानात आले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या पूर्वसंध्येला, ऑगस्ट २०२२ मध्ये, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावातील महिलांची सभा झाली आणि निर्णय ठरला. रोज सायंकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरून सायरन वाजेल. तो वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतील, ते साडेआठपर्यंत बंद राहतील आणि त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसतील.

पहिल्या दिवशी लोक हसले. कोणतीही चांगली गोष्ट पहिल्या दिवशी हास्यास्पदच ठरते! पण अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, सेवानिवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि गावाला सवय लागली. देशभरच्या वृत्तपत्रांनी आणि परदेशी माध्यमांनीही त्याची दखल घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव ग्रामसभेत केला.

वडगावच्या प्रयोगातील मर्माची गोष्ट कोणती? सायरन ही नव्हे. ती आहे 'सर्वांनी'. मुलाने मोबाइल ठेवला, त्याच वेळी वडिलांनीही ठेवला आणि आईने मालिका बंद केली. एकट्या घराला जे जड जाते ते गावाने मिळून केले की हलके होते. 'बाकी सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही?' हा मुलांचा हुकमी युक्तिवाद तिथे उरलाच नाही. समाजाचे सामूहिक मन जागे झाले की शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, हा आपल्या ग्रामजीवनाचा जुना अनुभव आहे.

पांघरुणाखाली न पोहोचणारा आवाज

परंतु, बंधु-भगिनींनो, इथेच एक प्रश्न उभा राहतो. सायरन सातला वाजतो. साडेआठला बंदी उठते. त्यानंतर काय? नऊला जेवण होते, दहाला दिवे मालवले जातात आणि पांघरुणाखाली एक छोटासा उजेड सुरू होतो. अभ्यासाची वेळ गावाने राखली. झोपेची वेळ राखणार कोण? मंदिरावरचा सायरन कितीही मोठा असला, तरी त्याचा आवाज पांघरुणाखाली पोहोचत नाही. त्या वेळी घरातले मोठे झोपलेले असतात, किंवा त्यांच्याही पांघरुणाखाली तोच उजेड असतो!

हिशेब मांडून पाहा. एखादा दहावीतला विद्यार्थी साडेबाराला झोपतो आणि सकाळच्या शिकवणीसाठी साडेपाचला उठतो. झोप झाली पाच तास. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आणि जगभर ते प्रमाण मानले जाते. किमान आठ तास धरले तरी रोजची तूट तीन तासांची. सहा रात्रींत अठरा तास. म्हणजे शनिवारी तो मुलगा शाळेत येतो तेव्हा त्या आठवड्यात दोन रात्रींहून अधिक झोप गमावून आलेला असतो. आपण त्याला म्हणतो, 'लक्ष कुठे आहे तुझे?' त्याचे लक्ष झोपलेले असते. रविवारी तो बारापर्यंत लोळतो, आपण त्याला आळशी म्हणतो. तो आळशी नसतो, कर्जबाजारी असतो.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

आपल्या पूर्वजांनी झोपेला कधी हीन लेखले नाही. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. घराचा आढा ज्या आधारांवर तोलला जातो, त्यांपैकी एक आधार म्हणजे झोप. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितलेला योग हा अति झोपणाऱ्याचाही नाही आणि अति जागणाऱ्याचाही नाही. जिथे मनाच्या निग्रहाची चर्चा चालली आहे, तिथे भगवंतांना झोपेचा उल्लेख करावासा वाटला, याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

आधुनिक विज्ञान वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी आले. शरीरातील प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचे एक घड्याळ चालते. ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडू लागला की मेंदूतील पीनियल नावाची चिमुकली ग्रंथी मेलाटोनिन हे द्रव्य रक्तात सोडते आणि 'आता रात्र झाली' हा निरोप सर्व शरीराला पोहोचतो. डोळ्यांसमोर धरलेला उजेड त्या निरोपात खोडा घालतो. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते; वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर त्याच काळात स्रवते. उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत, आणि दिवसभर साठलेले राग-रुसवे निवळतात तेही झोपेत. मुलगा रात्री एकपर्यंत वाचत बसला म्हणून त्याचे कौतुक करणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. झोप तोडून केलेला अभ्यास हा पेरणी करून पाणी न देण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल. वयात येताना हे आतले घड्याळच मागे सरकते. मेलाटोनिन स्रवण्याची वेळ तासा-दोन तासांनी पुढे जाते. म्हणून दहा वर्षांचे मूल नऊला पेंगते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजले तरी झोप येत नाही. हा त्याचा उद्धटपणा नव्हे, निसर्गक्रम आहे. पण ज्या तासात निसर्गतःच त्याला उशिरा झोप येते, नेमक्या त्याच तासात आपण त्याच्या हाती कधीही न संपणारी वस्तू देतो. दहाचे अकरा निसर्गाने केले असते. अकराचे एक मोबाइल करतो.

तुमच्या मुलाच्या झोपेचा स्पर्धक

ही वस्तू संपत का नाही? कारण ती संपू नये अशीच तिची रचना आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकाला 'समाप्त' असते, कीर्तनाला आरती असते, चित्रपटालाही 'द एंड' असे. शेवट आला की मन थांबते, विचार करते, उठते. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या संगणक-रचनाकाराने पडदा सरकवत राहिले की पुढचा मजकूर आपोआप येत राहील, अशी योजना केली. पुढे स्वतः त्याने तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पण तोवर सर्व कंपन्यांनी ती उचलली होती. पुढची चित्रफीत आपोआप सुरू होते. दहा चित्रफिती निरस निघतात आणि अकरावी मजेदार निघते. ती अकरावी केव्हा येईल हे ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. जुगाराच्या अड्ड्यावर माणूस नेमका याच आशेने बसून राहतो.

नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितले होते की, आमची खरी स्पर्धा झोपेशी आहे! मातांनो, या विधानाचा अर्थ नीट समजून घ्या. जगातील अत्यंत बुद्धिमान अभियंत्यांची फौज एका बाजूला आणि आपला आठवीतला मुलगा दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे. 'मनावर ताबा ठेव' एवढा उपदेश करून त्याला या आखाड्यात एकटे सोडणे हा न्याय नाही. मुलगा दुबळा आहे म्हणून हरत नाही. सामनाच विषम आहे म्हणून हरतो. आणि त्याच्या जागरणावर मिळालेला पैसा जातो कुठे? तो बव्हंशी सातासमुद्रापार जातो. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी या निर्यातीचाही हिशेब करावा. आपण आपल्या मुलांची झोप निर्यात करीत आहोत!

सारे खापर मोबाइलवर नको

तरीही सारे खापर एका यंत्रावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलांची झोप आपणही तोडतो. सकाळी सहाची शिकवणी कोणी लावली? सातची शाळा आणि त्यासाठी पकडायची पहिली एसटी कोणाच्या सोयीची? डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, असे सुचविले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला आणि पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे ठरविले. निर्णय स्वागतार्ह होता. पण ज्यांचे शरीराचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते ती आठवी ते बारावीची मुले त्यातून बाहेरच राहिली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितले होते की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्या भागातील शिक्षणसंस्थाचालकांनी आणि विशेषतः शिकवणीचालकांनी यावर विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आपल्या शेतकरी घरांची अडचण आणखी निराळी. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीची वीज आली की वडील विजेरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातात. आई दिवसभराच्या कष्टाने थकून झोपलेली असते. घरात जागे असते ते मूल आणि मोबाइल. या घराला 'मुलांवर लक्ष ठेवा' असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. पण लक्ष ठेवणारा माणूसच रात्री बांधावर उभा असेल तर? म्हणूनच मी लक्ष ठेवण्यापेक्षा रीत लावण्यावर भर देतो. पहारा माणूस हजर असेपर्यंतच चालतो. घराची रीत माणूस नसतानाही चालते.

कायद्याचा हात किती लांब?

कोणी म्हणेल, सरकारने बंदी घालावी. जगाने ते करून पाहिले आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुलांनी आई-वडिलांच्या नावाने खाती उघडली, खेळ संगणकावरून मोबाइलवर गेले आणि मुलांच्या झोपेत पडलेला फरक नगण्य ठरला. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्या देशाने तो कायदा मागे घेण्याचा निर्णय केला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी केवळ एक तास खेळण्याची मुभा ठेवली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ते अत्यावश्यकच होते.

कायदा हवाच. कंपन्यांना वेसण घालण्याचे काम कायद्याशिवाय दुसरे कोणी करू शकणार नाही. पण कायदा कंपनीच्या दारापर्यंत जातो, मुलाच्या उशीपर्यंत जात नाही. सायंकाळ गावाने राखली. बाजार शासनाने राखावा. रात्र मात्र घरानेच राखायची आहे.

घराची रीत

ती कशी राखावी? मी पाचच गोष्टी सुचवितो आणि त्यांपैकी एकीलाही पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, रात्री एका ठरलेल्या वेळी, समजा साडेनऊला, घरातील सर्व मोबाइल एका जागी ठेवावेत. ती जागा झोपण्याच्या खोलीबाहेर असावी. 'सर्व' या शब्दावर माझा जोर आहे. वडिलांचा मोबाइल उशाशी आणि मुलाचा फडताळात, ही रीत दोन दिवसही टिकणार नाही. रात्रीच्या तातडीसाठी एखादा साधा फोन वाजता ठेवावा.

दुसरी गोष्ट, गजराचे घड्याळ विकत आणावे. 'गजरासाठी मोबाइल जवळ लागतो' ही सबब त्या एका घड्याळाने संपते. (पैसे लागत नाहीत म्हणालो होतो, हा एवढा खर्च सोसावा!)

तिसरी गोष्ट, झोपण्याची वेळ मुलांवर लादता येत नाही, उठण्याची वेळ लावता येते. रविवारीही उठण्याची वेळ फार तर तासाभराने पुढे जावी. सकाळचे ऊन अंगावर आले की शरीराचे घड्याळ आपोआप जुळते. सूर्यनमस्काराला आपण पहाटेचीच वेळ दिली, त्यात हेही शहाणपण आहे.

चौथी गोष्ट, काढून घेतलेल्या जागी काही द्यावे. रिकामी जागा मोबाइल पुन्हा भरून काढतो. कोल्हापूरच्या तालमींकडे पाहा. वस्ताद पठ्ठ्याला मोबाइलचे दुष्परिणाम सांगत बसत नाही. तो एवढेच सांगतो की पहाटे जोर-बैठका आहेत. खुराक, मेहनत आणि झोप यांतले एक जरी उणे पडले तरी मैदानात पाठ मातीला लागते, हे त्या मुलाला अंगावर कळलेले असते. वारणेच्या बालवाद्यवृंदात वाजविणाऱ्या मुलांनाही सराव कशासाठी आहे हे ठाऊक असते. ज्याला सकाळी उठण्याचे कारण आहे, त्याला रात्री झोपण्याचा उपदेश करावा लागत नाही. आपल्या मुलांना सकाळ द्या, रात्र आपोआप सुटेल.

पाचवी गोष्ट म्हणजे संवाद. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विषय समाजासमोर आला आहे आणि त्यात कुटुंब प्रबोधन हा एक आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र बसावे, भोजन करावे, बोलावे, एवढी त्याची सुरुवात आहे. त्या बैठकीत मुलाला विचारा, 'तू मोबाइलवर काय पाहतोस?' पण हे चौकशीच्या सुरात नको, कुतूहलाच्या सुरात हवे. ज्या घरात मूल आठ वाजता बोलते, त्या घरात त्याला बाराला अनोळखी माणसांशी बोलण्याची गरज पडत नाही.

कार्यकर्त्यांसाठी थोडे कटू

आता कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. आपल्या बैठकीचे निरोप किती वाजता जातात? रात्री अकराला 'उद्या सकाळी सहाला उपस्थित राहावे' असा संदेश गटावर येतो आणि त्याला पोचपावती न दिल्यास साडेअकराला विचारणा होते. त्या गटात बारावीतले विद्यार्थीही असतात. मध्यरात्री देशभक्तीची चित्रफीत पुढे पाठविल्याने देशकार्य होत नाही. पाहणाऱ्याची झोप मात्र मोडते. मोबाइलचा मजकूर सात्त्विक असला म्हणून जागरण सात्त्विक ठरत नाही. नऊनंतर संघटनेचा एकही संदेश तरुणांच्या गटावर जाणार नाही, असा नियम आपण स्वतःला घालून घेऊ शकतो की नाही? समाजाला सांगण्यापूर्वी आपण आचरावे, ही आपली परंपरा आहे. प्रभात शाखेत मुले का येत नाहीत यावर आपण बैठका घेतो. त्या बैठका रात्री दहाला संपतात, हे ध्यानात घेत नाही!

व्यसन कशाला म्हणावे?

शेवटी एक सावधगिरीची सूचना. मोबाइल हाती दिसला की 'व्यसनी' म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला स्थान दिले. ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. तिथेही कसोटी कडक आहे. स्वतःवरचा ताबा सुटला पाहिजे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा झाला पाहिजे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहिला पाहिजे आणि हे सामान्यतः वर्षभर टिकलेले असले पाहिजे. बहुतेक मुलांना असते ती वाईट सवय, आणि ती घराच्या रीतीने सुटते. पण जे मूल जेवण टाळते, मित्र तोडते, शाळेत जात नाही, मोबाइल काढताच हिंसक होते किंवा अगदी गप्प होते, त्याला तज्ज्ञांकडे न्यावे. पुष्कळदा मोबाइल हे दुखण्याचे कारण नसून दुखण्यापासून लपण्याची जागा असते. अशा मुलाच्या हातून तो हिसकावून घेणे धोक्याचे ठरू शकते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ताप आला की दवाखान्यात जाण्याची लाज वाटत नाही. मनाला ताप आला तर का वाटावी?

मित्रहो, आपण पन्हाळ्याच्या सावलीत राहणारी माणसे. १६६० च्या आषाढात, मुसळधार पावसात, सिद्दी जौहरचा वेढा फोडून छत्रपती शिवाजी महाराज या गडावरून विशाळगडाकडे निघाले. ती रात्रही जागरणाचीच होती. शिवा काशिद जागा होता, बाजीप्रभू जागे होते, पालखी वाहणारे मावळे चिखल तुडवीत जागे होते. त्यांच्या त्या एका रात्रीच्या जागरणाने स्वराज्य वाचले. जागायचे कशासाठी हे त्यांना ठाऊक होते. आमच्या तरुणांनी जागूच नये, असे माझे म्हणणे नाही. देशावर, गावावर, शेजाऱ्यावर प्रसंग आला तर त्यांनी रात्रीमागून रात्री जागाव्यात. परंतु त्या प्रसंगी जागता यावे यासाठी इतर रात्री त्यांनी स्वस्थ झोपले पाहिजे. कोणा परक्या कंपनीचा नफा वाढावा म्हणून शिवा काशिदाच्या भूमीतल्या मुलाने डोळे ताणून जागत बसावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

वडगावने सातचा सायरन लावला. कोडोलीने साडेनऊचा संकल्प करावा. त्याला भोंगा नको, ठराव नको, दंडही नको. आज रात्रीच, आपल्या घरी, आधी स्वतःचा मोबाइल खोलीबाहेर ठेवून त्याचा आरंभ करता येईल.